रक्त, लघवी वगैरे

दादा,

गेल्या रविवारी तुझा जलदान विधी झाला. भन्तेजी येऊन गेले, माणसं जेवून उठली, आणि वहिनी भिंतीला टेकून बसली होती तिच्याशेजारी आपली ताई जाऊन बसली. पूर्णा गावातून सकाळच्या एस.टी.नं आली होती. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती वहिनीला हळूच म्हणाली, "मला पन पडतं गं मधून मधून. लाल. मूळव्याधच हाय, दुसरं काय असनार."

वहिनी म्हणाली, "मंग तपासून घ्या की."

तर ताई काय म्हणाली, ठाऊक आहे? "तपासून काय उपेग? दादाचं तपासलंच व्हतं ना. आपल्या मिलिंदनं सोता तपासलं. रिपोट नार्मल. तरी गेलाच ना तो."

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. तांब्या हातातून गळून पडला वगैरे काही झालं नाही. असलं काही होत नसतं. मी तो नीट नेऊन जागेवर ठेवला आणि मोरीत उभं राहून तोंडावर पाणी मारत राहिलो.

दादा, तो रिपोर्ट नॉर्मल नव्हता.

हे तुला सांगायचं राहून गेलं. बघ, आतासुद्धा "राहून गेलं" लिहितोय, जसं काही बाजारातून मीठ आणायचं विसरलो. राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही. दीड वर्ष रोज तुझं तोंड बघत होतो आणि सांगितलं नाही.

तुला आपल्या लॅबची पाटी आठवते? डॉक्टरीणबाईंनी नवी लॅब टाकली तेव्हा पेंटरला मजकूर द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहून दिलं, "येथे रक्त, लघवी वगैरे तपासून मिळेल." बाई हसल्या होत्या. "शौच लिहायला लाज वाटते का हो?" मी म्हणालो, "पाटीवर जागा कमी आहे." पाटी चांगली चार फूट लांब होती. एक म्हैस मावली असती तिच्यावर.

लाज कसली, ते तुला सांगायची गरज नाही. बाबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून गावकीची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. आपल्या घरात यापुढे कुणी दुसऱ्याची घाण उचलणार नाही, म्हणाले. ते वाक्य तू आणि मी भाकरीबरोबर खाऊन मोठे झालो. तू सातवीतून शाळा सोडून नारपोलीत कापडाच्या लूमवर लागलास, जॉबर झालास, बिघडलेल्या लूम दुरुस्त करत फिरायला लागलास, आणि मला शिकवलंस. मी लॅबचा कोर्स केला तो तुझ्या डबल शिफ्टच्या जोरावर. मला नोकरी लागली तर तू अख्ख्या चाळीत सांगत सुटलास, आमचा मिल्या साहेब झाला. "काम काय करतो रं तू नक्की?" असं मला विचारलंस. मी म्हणालो, "तपासतो. रक्त, लघवी वगैरे."

"वगैरे म्हंजे?"

"वगैरे म्हणजे वगैरे. जेव ना तू!"

मग एक दिवस मी डबा घरी विसरलो आणि तू तो लॅबवर घेऊन आलास. माझ्या हातात काडी होती, पुढ्यात कुणीतरी नमुना घालून आणलेली उघडी काड्यापेटी, आणि पेटीत काय होतं ते तुला लांबूनही कळलं. डबा बाकावर ठेवून तू निघून गेलास. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणालास, "शिकून सवरून हेच का रं शेवटी? बाबा असते तर?"

मी असा काही भडकलो! "मी घाण उचलत नाही, तपासतो!"

"फरक काय त्यात?"

"फरक आहे! त्यात माणसाचा आजार दिसतो. दिसला तर माणूस वाचतो. तुला नाही कळायचं ते."

आठ दिवस आपण बोललो नाही. भांडण मिटलं नाही, नुसतं बंद पडलं. पण तू आतून बदललास, हे मला नंतर कळलं. कारखान्यात कुणाचं पोट बिघडलं की तू त्याला दरडावून सांगायला लागलास, "भाई के लैब में जा. शरमाने का नहीं. डिब्बी में लेके जा." तुझ्यामुळे किती काड्यापेट्या आल्या आमच्याकडे! तू लाज सोडलीस. मी, ज्याचं ते पोटापाण्याचं काम, ती तशीच कवटाळून बसलो. घरी "वगैरे", सासुरवाडीला "वगैरे", पाटीवर "वगैरे".

आणि मग तूच एक दिवस म्हणालास, "मिल्या, रगत पडतंय रं."

मी हसलो. "दिवसभर उभा राहतोस, तंबाखू खातोस, वर मिरचीचा ठेचा. पालेभाजी दिसली की तोंड वाकडं. मूळव्याध नाही होणार तर काय?" आपल्याकडे रक्त पडलं म्हणजे मूळव्याध, हे जसं काही सरकारनं ठरवून दिलंय. पण तुमच्या नारपोलीचे डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "उमर चालीस के ऊपर है, वजन भी थोड़ा गिरा है. एक बार लैट्रिन का टेस्ट करवा लो, छुपा हुआ खून देखने का. बाद में आगे सोचेंगे." चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन तू दुसऱ्या सकाळी लॅबवर हजर. पांढरा धुतलेला शर्ट, केसांना तेल, जसा काही मुलगी बघायला निघालायस. हातात काड्यापेटी.

माझ्याबरोबर काम करणारा शकील तेव्हा टेबलापाशीच होता. स्वभावाचा चांगला, पण जिभेला लगाम नाही. म्हणाला, "क्या मिलिंदभाई, आज घर का माल?"

तू मोठ्यानं हसलास. मला मात्र कानापर्यंत आग लागली. तुझ्या हातातून पेटी जवळजवळ हिसकावून घेतली आणि तुला म्हणालो, "जा तू, ड्युटीला उशीर होईल." आमच्याकडे प्रत्येक पेटीवर आधी चिठ्ठी चिकटवायची, नाव लिहायचं, वहीत लिहायचं, आणि मगच हात लावायचा. तुझ्या पेटीवर मी नाव लिहिलं नाही. वहीत लिहिलं नाही. शकील चहाला गेला तेव्हा घाईघाईनं उरकून टाकलं.

एक ठिपका, त्यावर औषधाचे थेंब. छुपं रक्त असेल तर निळा रंग येतो. आला. रेंगाळला नाही, चटकन आला.

आता ऐक. ही तपासणी करायची तर आधी तीन दिवस मटण-मासळी बंद ठेवायची असते, कारण मटणातल्या रक्तानंही रंग निळा होतो. हे मी रोज दहा जणांना सांगायचो, पाठ झालं होतं. तुला सांगितलं नव्हतं. आणि दोनच दिवसांपूर्वी ताईच्या बबीची हळद होती. आपल्याकडची हळद म्हणजे मटण, तुला वेगळं काय सांगू. तू पाटावर बसून रस्सा वाटीनं नाही, पातेल्यानं प्यायलास. ताई ओरडत होती, "अरं, पावन्यांना ठेव!" मी त्या निळ्या रंगाकडे बघितलं आणि मला ते पातेलं आठवलं. हायसं वाटलं. मटण आहे हे, म्हटलं.

असेलही मटण. ते कळायचा रस्ता एकच होता. तीन दिवस मटण बंद कर आणि पुन्हा नमुना आण, एवढंच तुला सांगायचं होतं. पण पुन्हा म्हणजे पुन्हा तो पांढरा शर्ट, पुन्हा ती पेटी, पुन्हा शकील. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून दिलं, "रक्त: नाही."

मी आळशी नव्हतो, दादा. अडाणी तर नव्हतोच. मला लाज वाटली. माझ्या सख्ख्या भावाची, ज्यानं मला शिकवलं त्याची पेटी दुसऱ्यांदा टेबलावर ठेवायची लाज वाटली. बस, एवढंच कारण आहे. याच्या मागं काही मोठं शोधू नकोस.

संध्याकाळी तुला म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल. पोटात बबीच्या हळदीचं मटण आहे अजून, तेवढंच." केवढा हसलास तू! आणि तो विनोद तुला इतका आवडला की त्यानंतर रक्त दिसलं की तू मला येऊन सांगायचास, "मिल्या, हळदीचं मटण अजून संपलं न्हाय रं." ओट्यावरची माणसं हसायची. मीही हसायचो. पावसाळ्यात सांगितलंस, दिवाळीत सांगितलंस, बबीला मुलगी झाली तेव्हा बारशाला सांगितलंस. दर वेळी तू मला खरंखुरं सांगत होतास की रक्त पडतंय, आणि मी, लॅबवाला, दात काढत होतो. अरे, माझ्या थोबाडीत का नाही मारलीस एकदा?

त्याच दिवसांत कधीतरी दुपारी मी तुझ्या कारखान्यात आलो होतो. वीसेक लूम धडधडत होत्या, कानठळ्या बसत होत्या, आणि तू जाता जाता एका चांगल्या चालत्या लूमवर हात ठेवून ती थांबवलीस. शेठ ओरडत आला, "चालू थी ना? बंद क्यों किया?" तू म्हणालास, "आवाज बदल गया, सेठ. कपड़े में दिखने तक रुकेंगे तो पूरा थान गया." शेठला तो बदल ऐकू आला नाही, मलाही आला नाही. तू आत हात घातलास आणि झिजलेला एक तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवलास. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला. तुला घट्ट मिठी मारावी असं वाटलं होतं, मारली नाही. आपल्यात तशी पद्धत नाही.

पुढचं तुला माहीतच आहे. पोट फुगून तू गडाबडा लोळायला लागलास तेव्हा तुला गाडीत घालून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, आणि तेवढ्या दुखण्यातही तू ड्रायव्हरला डावीकडून काढायला सांगत होतास. ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. तिथली तरुण डॉक्टर, चष्मेवाली, तुझ्या खाटेपाशी बसून केसपेपर लिहीत होती. तिनं विचारलं, "आधी कधी शौचाची तपासणी झाली होती का?"

तू उशीवरून मान वळवलीस आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. तोंडावर असं कौतुक! "ह्यो माझा भाऊ. लॅबमध्ये हाय. त्यानं सोता केली व्हती. नार्मल व्हती."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकारार्थी. तिनं लिहून घेतलं.

नंतर तिनं मला बाहेर नेऊन कागदाच्या पाठीवर आतड्याचं चित्र काढून समजावलं. मी लॅबवाला म्हणून जरा खोलात शिरून सांगत होती बिचारी. आतड्याच्या आत आधी चामखिळीसारखा एक कोंब येतो. सगळेच बिघडत नाहीत, पण बिघडायचा असेल तर वर्षं लागतात. त्या अवधीत सापडला तर दुर्बिणीनं काढून टाकता येतो आणि माणूस चालत घरी जातो. कॅन्सर झाल्यावरही सुरुवातीला कळलं तर पुष्कळ बरे होतात. "रक्त पडलं की लोक मूळव्याध म्हणून मोकळे होतात," ती म्हणाली. "असेलही मूळव्याध. पण आत बघितल्याशिवाय म्हणायचं नाही. आणि तुम्ही सख्खी भावंडं आहात, तुम्ही इतरांसारखी वाट बघू नका. त्रास नसला तरी तपासून घ्या." मी पुन्हा मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

घरी आणलं तेव्हा तुझ्या पोटावर शौच जमा होणारी पिशवी होती. वहिनीला पहिल्या दिवशी जमेना. म्हणून मी म्हणालो, मी करतो. चार महिने रोज सकाळी तुझी पिशवी मी साफ केली. त्यात मला कधी किळस आली नाही, लाज वाटली नाही, हे मात्र खरं आहे. दादा, ते चार महिने तू मला दिलेस याबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी आहे. त्या सकाळी आपण बाबांबद्दल जितकं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो.

अशाच एका सकाळी मी पिशवी लावत होतो आणि तू माझ्या हातांकडे बघत पडला होतास. म्हणालास, "मिल्या, ते आपलं भांडन आठवतं? घान उचलनं आनि तपासनं, फरक काय म्हनून?"

"जाऊ दे ना आता."

"न्हाय, तुझंच खरं व्हतं. फरक हाय. त्यात आजार दिसतो म्हनालास ना तू तवा? बरोबर व्हतास."

इतक्या वर्षांनी तू भांडणात हार मानलीस. मला तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. दिसला होता, दादा. मला दिसला होता. तू डोळे मिटलेस, आणि मी पिशवीची कड दाबत बसलो. ती आधीच नीट चिकटली होती.

तर रविवारी मी मोरीतून बाहेर आलो आणि वहिनी-ताईंच्या समोर जमिनीवर बसलो. उभ्यानं सांगता आलं नसतं. म्हणालो, "ताई, दादाचा रिपोर्ट नॉर्मल नव्हता." आणि सगळं सांगितलं. काड्यापेटी, शकील, निळा रंग, बबीच्या हळदीचं मटण. ताईनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या घरचं मटन व्हय रं? माझ्या मटनावर घातलंस?" ती मोठमोठ्यानं रडायला लागली. बाहेरची माणसं डोकावून गेली.

वहिनी रडली नाही. तिनं एकच विचारलं. "तीन दिवस?"

"हो, वहिनी. तीन दिवस मटण बंद करून पुन्हा बघायचं होतं."

"नुस्तं सांगायचं व्हतं, भावजी. तुमचा सबूद म्हनून त्यांनी तीन म्हयने खाल्लं नस्तं."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागे घेतले.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताईला मात्र मी सोडलं नाही. पूर्णा गावात जाऊन तिच्या दारात बसलो. ती म्हणाली, "मला भ्या वाटतं." मी म्हणालो, "मलाही वाटतं. आपण दोघंही जाऊ." शेवटी चिडून म्हणाली, "चल बाबा, एकदाचं काय ते होऊ दे. तुझं तोंड तरी बंद होईल." काल सकाळी मुंबईच्या त्याच हॉस्पिटलात जायला निघालो तेव्हा वहिनी दारात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या पोरांनी कवा तपासायचं, ते पन इचारा त्या बाईला. आनि ती काय म्हनंल ते खरं येऊन सांगा."

ओपीडीच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, "तक्रार काय?" ताई पदर तोंडाशी घेऊन माझ्याकडे बघायला लागली. मागे तीस-चाळीस माणसांची रांग. मी म्हणालो, "शौचातून रक्त पडतं." त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. चारदोन माना वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. एवढंच झालं, दादा. एवढ्याचसाठी मी तुला घालवलं.

आत तीच चष्मेवाली डॉक्टर होती. तिनं ताईला तपासलं, दुर्बिणीची तारीख दिली, येत्या मंगळवारची. माझी बुधवारची. तुझ्या मुलांनी कधी यायचं ते वहिनीसाठी लिहून दिलं. मग घराण्यातला आजार म्हणून तिनं तुझे जुने केसपेपर मागवले आणि ते बघून ताईच्या कागदावर उतरवून घ्यायला लागली. लिहिता लिहिता स्वतःशीच वाचत होती. "भाऊ, वय सेहेचाळीस. आधीची शौच तपासणी, नॉर्मल..."

"बाई," मी म्हणालो, "ते खोडा."

तिनं वर बघितलं.

"नॉर्मल नव्हती. रक्त होतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं."

ताईनं माझा हात धरला होता की तिचा तोल जात होता, कोण जाणे. मग डॉक्टरनं तुझ्या कागदावरच्या त्या ओळीवर रेघ मारली आणि विचारलं, "तपासणी कुणी केली होती? नाव सांगा."

मी नाव सांगितलं. माझं, मग बाबांचं, मग आडनाव. तिनं ते तुझ्या नावाखाली लिहिलं. तुझ्या काड्यापेटीवर मी तुझं नाव लिहिलं नव्हतं, दादा.